तुसाची राख आणि टीव्हीची काच

करंजटोल्याच्या ग्रामपंचायतीत टीव्ही आला तो १९८५ सालच्या दिवाळीच्या तोंडावर, आणि टीव्हीच्या पेटीची चाबी आली बायनाबाईच्या कनवटीला.

चंद्रपूर-मूल रस्त्यावर एस.टी.तून उतरायचं, धानाच्या बांध्यांमधून कोसभर आत चालायचं, की करंजटोला. पुढे जंगल सुरू. टीव्ही सरकारी योजनेतला, काळा-पांढरा, लाकडी पेटीत बसवलेला. पेटीला दोन्ही बाजूंनी ओढायची फळ्यांची झडप आणि मधोमध कुलूप. अँटेना उंच हवा म्हणून तीन बांबू एकावर एक बांधून तो चंद्रपूरच्या दिशेनं रोखलेला. दर दोन दिवसांनी एखादं वांदर त्यावर बसायचं आणि अँटेनाचं तोंड जंगलाकडे वळवून जायचं.

बायनाबाई पंचायतीत रोजंदारीवर शिपाई होती. झाडझूड, पाण्याचा रांजण, सभेची घंटा, सगळं तिच्याकडे. पंचेचाळिशीची, काटक, चालताना जरा पुढे झुकणारी. ज्या इमारतीत पंचायत भरायची ती पूर्वी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, कचेरी होती. बायनाबाईची सासू तिथलं अंगण सारवायला जायची, पण पायरी चढायची नाही. चढूच देत नसत. सासू गेली. छप्पन साली सगळ्या मोहल्ल्यानं दीक्षा घेतली, पुढे मोहल्ल्यात विहार झाला, त्या विहारातल्या रात्रशाळेत बायनाबाई अक्षरं जुळवायला शिकली. आता ती त्याच इमारतीचं दार सकाळी उघडायची आणि संध्याकाळी लावायची. याबद्दल ती कधी कोणाशी बोलली नाही. पायऱ्या मात्र रोज दोनदा झाडायची.

टीव्हीची चाबी कोणाकडे द्यायची यावर सभेत वाद झाला होता. पंचायतीच्या नळाचा पंप चालवणाऱ्या मुखरूचं म्हणणं, मशीनचं काम मशीनवाल्याकडेच हवं. पण सरपंच देवरावभाऊंनी पितळी घंटेकडे बोट दाखवलं. घंटा अशी लखलखत होती की तिच्यात सगळ्या सभेची तोंडं वाकडी होऊन दिसत होती.

“ही घंटा कोण घासते?”

“बायनाबाई.”

“मंग झालं. जिच्या हातानं वस्तू चमकते, चाबी तिच्यापाशी राहीन.”

घंटा चमकायची ती तुसाच्या राखेनं. आपल्या भागात धान पिकतं, राईस मिलच्या मागे तुसाचे ढीग लागतात, आणि ते तूस जळून उरलेली करडी राख बाया टोपल्यांनी घरी नेतात. तिच्यानं भांडं घासलं की मूठभर चिंचेचीही गरज पडत नाही. बायनाबाईच्या घरी चुलीशेजारी त्या राखेचं एक मडकं कायम भरलेलं असायचं.

डिसेंबरात देवरावभाऊ चंद्रपूरहून एक नवलाची वस्तू घेऊन आले. प्लास्टिकची एक पारदर्शक शीट, वर निळी, मधे नारिंगी, खाली हिरवी. एस.टी.त दीड तास मांडीवर उभी धरून, कोणाला टेकू न देता त्यांनी ती आणली होती. दोन आकडे लावून ती टीव्हीच्या काचेपुढे टांगली आणि सरपंचांनी जाहीर केलं, “आता आपला टीव्ही रंगीत.”

बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं, गाल नारिंगी आणि गळा हिरवा दिसायचा, पण त्याची तक्रार कोणी केली नाही. उलट शेजारच्या दोन गावांचे लोक खास पाहायला आले. बुधू मडावी नावाचा एक गोंड म्हातारा रोज पहिल्या रांगेत बसायचा. त्याला भाषा अर्धीच कळायची, पण आभाळ दिसलं की तो खूश होऊन मान हलवायचा. आभाळ निळं होतं ना.

जानेवारीत मळणी जोरात आली. रस्त्यावर बैलबंड्यांची धूळ, खोलीत साठ माणसांच्या बिड्यांचा धूर. शीट रोज मातकट व्हायची. बायनाबाई कोरड्या फडक्यानं ती खसाखसा पुसायची. फडकं फिरलं की चर्र चर्र आवाज व्हायचा, हातावरची लव उभी राहायची, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर धूळ कालच्यापेक्षा जास्त. जितकं पुसावं तितकी चिकटायची. बायनाबाईला राग आला. एका मंगळवारी तिनं घरून पदराच्या टोकात राख बांधून आणली, ओल्या चिंधीवर घेतली आणि घंटा घासायची तशी शीट गोल गोल घासून काढली. मग पाण्याचा हात फिरवला. ओली होती तोवर शीट इतकी स्वच्छ दिसली की आपणच केलेल्या कामाकडे बायनाबाई क्षणभर पाहत राहिली. मग कुलूप लावून घरी गेली.

पुढचे तीन मंगळवार तिनं हेच केलं.

फेब्रुवारीत लोक कुरकुरू लागले. चित्र धुरकट दिसत होतं. आधी वाटलं, वांदरानं अँटेना फिरवला असेल. एक जण वर चढून अँटेना हलवत राहिला, बाकीचे खालून ओरडत राहिले. आवाज कमी-जास्त झाला, चित्राला दोनदोन सावल्या आल्या आणि गेल्या, पण धुकं जागचं हललं नाही. मग व्होल्टेजवर शंका. तेही बरोबर निघालं.

“पिक्चर टूब गेली,” मुखरूनं निकाल दिला. “मी म्हणतच होतो. टीव्हीलेही वय असते.”

“तीन महिन्यात वय झालं त्याचं?” कोणी तरी मागून विचारलं.

“तीन महिने तुही बडबड ऐकली ना त्यानं, मंग?”

लोक हसले. देवरावभाऊ हसले नाहीत. सोमवारी राईस मिलचा ट्रॅक्टर चंद्रपूरला जाणार होता, त्यावर टीव्ही चढवून दुरुस्तीला पाठवायचं त्यांनी ठरवलं. सगळ्यांचे चेहरे पडले. पलीकडच्या टोल्याचा, त्या छोट्या वस्तीचा, टीव्ही मागच्या होळीला असाच गेला होता. अजून आला नव्हता. तिथले लोक आता करंजटोल्याला येऊन बसायचे.

गुरुवारी सकाळी बायनाबाईनं झाडायला दार उघडलं, टीव्ही पुसायला म्हणून झडप सरकवली आणि वळली. दारातून कोवळं ऊन आडवं आत येत होतं आणि नेमकं शीटवर पडलं होतं. बायनाबाईच्या हातातला झाडू तसाच राहिला. शीटवर बारीक बारीक ओरखडे होते, हजारो. आणि ते वेडेवाकडे नव्हते. गोल होते. एकात एक, एकात एक, जसा तिचा हात फिरायचा तसे.

तिनं पदराचं टोक ओलं करून शीटच्या कोपऱ्यावर फिरवलं. ओला झालेला तेवढा भाग लख्ख झाला. तिला हायसं वाटलं. मग तो भाग तिच्या डोळ्यांदेखत वाळत गेला आणि पुन्हा धुरकट झाला. तिनं पुन्हा ओलं केलं. पुन्हा लख्ख, पुन्हा धुरकट. आजार टीव्हीच्या पोटात नव्हता. बाहेरच्या कातडीवर होता, आणि तो तिच्याच हातानं झाला होता.



कपाटात टीव्हीसोबत आलेलं एक पुस्तक होतं, अजून त्याच्या पिशवीतून न निघालेलं. बायनाबाईनं ते काढलं. पहिली पानं इंग्रजी, मग हिंदी. अक्षरं तीच, म्हणून ती बोट ठेवून एकेक शब्द जुळवत गेली. एका पानावर टीव्हीच्या मागच्या झाकणाजवळ विजेचा बाण काढला होता आणि खाली लिहिलं होतं, झाकण उघडू नका, आत बंद केल्यावरही जोराची वीज राहते. पुढच्या पानावर साफसफाई. आधी बंद करा, प्लग काढा. मऊ सुती कपडा घ्या. ओला केला तर घट्ट पिळून घ्या, थेंब आत जाऊ देऊ नका. आणि शेवटी, ‘खुरदरा पाउडर काम में न लाएँ.’

खुरदरा. बायनाबाईनं उजव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळली. तुसाची राख बोटांना कशी लागते ते तिला पुस्तकानं सांगायची गरज नव्हती. वाळूसारखी कच होती तिच्यात, म्हणून तर पितळ चमकायचं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. खुशाल अंगणात बांबूच्या कमच्या, टोपलीसाठीच्या पातळ पट्ट्या, सोलत होता. त्यानं सुरी थांबवली नाही.

“कोणाले ठाऊक हाय?”

“कोणालेच नाई.”

“मंग कायले बोलतं? सोमवारी जाईन टीव्ही. मेकॅनिक पायन काय ते.”

“मेकॅनिकले दिसन ना ओरखडे.”

“दिसू दे. तो का राख ओळखन? तो शहरातला, तो गॅसवर रांधणारा.”

बायनाबाईला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

“अन् टीव्ही वरीसभर तिकडेच राह्यला तं? गावाले काऊन शिक्षा?”

“सांगशील तं चाबी जाईन.” खुशालनं आता मात्र मान वर केली. “मुखरू टपूनच हाय.”

“ते मले बी समजते.”

“मंग?”

“मंग काई नाई. तू कमच्या सोल.”

शुक्रवारी मुखरू स्क्रू खोलायचा पेचकस घेऊन पंचायतीत आला.

“बायनाबाई, चाबी दे. मांगचं झाकण खोलून टूब पायतो.”

“नाई देत.”

“काऊन?”

“पुस्तकात मना केलं हाय. आत वीज बसून राहते. बंद केल्यावर बी.”

“बंद केल्यावर वीज? तुले कोणी सांगतलं?”

“वाचलं मी.”

मुखरूनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू घंटाच बोलली. “पंप मी चालवतो का तू?” तो म्हणाला. “आठ वर्षं मोटर खोलून राह्यलो मी.”

“मोटर खोल ना मंग. टीव्ही नको खोलू.”

तो पाय आपटत गेला.  आज चाबी आपल्यापाशी आहे म्हणून आपण नाही म्हणू शकलो, हे बायनाबाईला कळत होतं. उद्या बोललो की ती राहील की नाही, कोण जाणे. पण आता गप्प बसून ती कनवटीला बाळगणं तिला जमण्यासारखं नव्हतं. गुरुवारपासून ती चाबी तिला टोचत होती.

शनिवारी संध्याकाळी लोक जमले. टीव्ही सुरू झाला. धुक्यात एक माणूस शेतीविषयी काही सांगत होता. देवरावभाऊ खुर्चीवर होते. बायनाबाई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“भाऊ, टीव्हीची टूब गेली नाई.”

“तुले काय ठाऊक?”

“शीट खराब झाली. मी केली. राखेनं घासली, चार खेप. घंटेसारखी.”

 टीव्हीतला माणूस खताबद्दल बोलत राहिला.

“राखेनं?” देवरावभाऊ हळूच म्हणाले. “अवं बाई, एस.टी.त मी मांडीवर घेऊन आणली ते. कंडक्टर म्हणे खाली ठेवा, मी नाई ठेवली.”

“हो भाऊ.”

“लेकराले कोणी धरत नाई तशी धरली.”

“चुकलं माझं. चाबी मागसान तं देतो. पण टीव्ही नका पाठवू. आधी ते शीट काढून पाहा.”

“आयकलं ना?” मुखरू उठला. “मी पह्यल्या दिवशी म्हटलं होतं. आता शीट काढा म्हणते. म्हणजे टीव्हीचा रंगच काढा!”

देवरावभाऊ जागचे हलले नाहीत. शीट त्यांची होती. गावात त्यांच्या नावानं सांगितली जाणारी वस्तू होती. ती काढणं त्यांच्या जिवावर आलेलं सगळ्यांना दिसत होतं. शेवटी मागून पलीकडच्या टोल्याचा एक जण म्हणाला, “काढून तं पाहा गा भाऊ. आमचा गेला तो गेलाच.”

देवरावभाऊ उठले. त्यांनी स्वतःच आकडे सोडवले आणि शीट दोन्ही हातांनी अलगद उतरवली.

चित्र फारसं सुधारलं नाही. माणसाचं नाक अजूनही नीट दिसेना.

“घ्या!” मुखरू म्हणाला.

 बायनाबाई वाकून काचेजवळ गेली. काचेवर धुळीचा थर होता, बोटभर नाही पण कागदाएवढा नक्की, करडा, मऊ, दोन महिन्यांचा. शीट टांगल्यापासून आतली खरी काच कोणी पुसलीच नव्हती. पुसायला हातच पोचत नव्हता. आणि धूर, धूळ मात्र बाजूच्या फटीतून जाऊन बसत राहिली होती.

“मळ हाय,” ती म्हणाली. “निव्वळ मळ.”

तोवर मुखरूनं रांजणातून तांब्याभर पाणी आणि हाताला आलं ते फडकं आणलं होतं. थेंब गळत होते. तो फडकं घेऊन सरळ चालू टीव्हीकडे वाकला.

“मुखरू! मांगं हो!”

बायनाबाईचा आवाज इतका मोठा कोणी कधी ऐकला नव्हता. मुखरू थबकला. फडक्यातून एक थेंब जमिनीवर पडला.

“चालू हाय तो. पाणी आत गेलं तं तूही जाशील अन् टीव्हीही जाईन. आधी बंद.”

तिनं बटण फिरवलं. मग भिंतीतून प्लग ओढून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. चित्र आकसून एक पांढरा ठिपका झालं आणि विझलं.

“बातम्या लागतीन आता,” कोणी तरी कळवळून म्हणालं.

“लागू दे. दम धरा थोडा. गरम हाय, थंड होऊ दे.”

“किती दम?”

“एक बिडी संपते तोवर. अन् बिडी बाहेर जाऊन ओढा. काचेवर बसलं ते तुमचंच हाय.”

पाच-सहा जण मुकाट्यानं बाहेर गेले. हेही पहिल्यांदाच घडत होतं. बुधू मडावी पहिल्या रांगेत जागचा हलला नाही. बायनाबाईनं त्याला जवळ बोलावलं आणि त्याचा हात काचेपासून वीतभर लांब धरला. त्याच्या मनगटावरचे पांढरे केस हळूच उभे राहिले.

“अरे बापा!” बुधूनं हात मागे घेतला आणि मग हसून पुन्हा पुढे नेला.

“बंद केला तरी जोर राहते काचेत. त्याच्यानंच धूळ ओढते. कोरडं घासलं तं आणखी ओढते. मी रोज तेच करत होतो, येड्यासारखी.”

मग तिनं कोणाला तरी घरी पाठवून आपलं जुनं लुगडं मागवलं. मोहरीच्या रंगाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याचा एक कोरडा तुकडा घेऊन आधी वरची सुटी धूळ हलकेच झाडली. दुसरा तुकडा ओला केला, पिळला, पुन्हा पिळला, आणि मुखरूच्या पुढे धरला.

“पीळ.”

“मी?”

“तुह्या हातात जोर हाय. एक थेंब निघाला नाई पायजे.”

मुखरूनं दात ओठ खाऊन पिळला. थेंब निघाला नाही. बायनाबाईनं तो घेऊन काच वरून खाली पुसायला सुरुवात केली. गोल नाही, सरळ. तुकडा काळा झाला की उलटवायची, दोन्ही बाजू काळ्या झाल्या की नवा घ्यायची. दाबत नव्हती. बाळाचं तोंड पुसावं तसा तिचा हात चालला होता. काळे झालेले तुकडे एका बाजूला पडत गेले, चार, पाच. शेवटी कोरड्या तुकड्यानं ओल टिपली, वाकून कडेची लाकडी चौकट पाहिली, ओली तर नाही ना. मग मागे सरून उभी राहिली.

“लावा आता.”

प्लग देवरावभाऊंनी लावला. टीव्ही तापायला नेहमीसारखा वेळ लागला. आधी आवाज आला. मग चित्र.

बातम्या देणारी बाई सगळ्यांकडे पाहत होती. तिचं कपाळ निळं नव्हतं, गळा हिरवा नव्हता. पण तिच्या साडीचे बारीक काठ दिसत होते, कानातले दिसत होते, हनुवटीवर एक तीळ होता तोही दिसत होता.

“माय, हिले तीळ हाय!” एक बाई म्हणाली. “इतके दिवस पायतो, तीळ नाई दिसला.”

“असा चेहरा हाय होय हिचा,” पलीकडच्या टोल्याचा माणूस म्हणाला.

थोड्या वेळानं पडद्यावर कुठलं तरी धरण आलं आणि त्यावरचं मोठं आभाळ. बुधूनं नेहमीसारखी मान हलवायला घेतली आणि थांबला.

“आभाळ गेलं,” तो म्हणाला.

“दादा, ढग पाहा ना,” बायनाबाई म्हणाली. “पह्यले ढग कुठी दिसत होते?”

बुधूनं डोळे बारीक केले. ढग होते, पिंजलेल्या कापसासारखे, एकामागून एक. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं मान हलवली, पण त्याचं पूर्ण समाधान झालं असं कोणी म्हणणार नाही.

कार्यक्रम संपला. लोक उठले, धोतरं-लुगडी झटकत, तिळाबद्दल बोलत बाहेर पडले. देवरावभाऊ शीट बगलेत घेऊन उभे होते. बायनाबाईनं झडप ओढली, कुलूप लावलं आणि चाबी हातात घेऊन त्यांच्यापुढे थांबली. मुखरू दाराशी रेंगाळत होता.

देवरावभाऊंनी चाबीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या लोकांकडे, मग शीटकडे.

“उद्या सिनेमा हाय,” ते म्हणाले. “लवकर उघडशील. पलीकडचे लोक जेवून लवकर येतात.”

“हो भाऊ.”

“अन् ट्रॅक्टरवाल्याले सांगून दे, सोमवारी आपलं काही नाई.”

ते पायऱ्या उतरून गेले. मुखरू अजून दारातच होता.

“बायनाबाई,” तो म्हणाला, “ते पुस्तक दाखवशील का मले? त्यात मोटरचं काही असन?”

“मोटरचं नाई, टीव्हीचं हाय. पण बस, वाचून दाखवतो. मले हळूहळू वाचता येते, घाई नको करू.”

तिनं कपाट उघडलं. दोघं दिव्याखाली चटईवर बसली, आणि बायनाबाईनं पहिल्या हिंदी पानावर बोट ठेवलं.